एकशे साठ रुपयांचा जायरोस्कोप: जीवाय-५२१ बोर्ड, टेबलावर आणि रणभूमीवर

पुतणी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिने प्रकल्पासाठी दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबो निवडला आहे. त्यासाठी लागणारा जीवाय-५२१ नावाचा सेन्सर बोर्ड घ्यायला मी तिच्याबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. (महापालिकेच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असे लिहिलेले असले, तरी सुट्या भागांच्या गिऱ्हाइकांत ते नाव कोणी घेत नाही.) एक बोर्ड सोल्डर करताना जळणार हे गृहीत धरून दोन वेगवेगळ्या दुकानांतून दोन बोर्ड घेतले. किंमत प्रत्येकी १६० रुपये, बिल मागितल्यास जीएसटी वेगळा. बोर्ड चंदेरी पिशवीत येतो, हेडर पिना सुट्या मिळतात आणि त्या आपल्यालाच जोडाव्या लागतात. माहितीपत्रक मिळत नाही.

मी आयुष्यभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम केले. जायरोस्कोप म्हणजे मखमलीच्या खाचेत ठेवलेले, फिरत्या चक्राचे, हात लावण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागणारे उपकरण, अशी माझी पहिली ओळख आहे. त्यामुळे पोस्टाच्या तिकिटापेक्षाही लहान असलेल्या या पाटीवर तीन अक्षांचा जायरोस्कोप (वळण्याचा वेग मोजणारा) आणि तीन अक्षांचा त्वरणमापक (वेगातला बदल आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ मोजणारा) एकत्र बसलेला पाहिल्यावर रोबोपुरते परीक्षण करून थांबणे मला जमले नाही. याच जातीच्या चिपांनी गेल्या काही वर्षांत मार्गदर्शित अस्त्रांचे अर्थशास्त्र उलटेपालटे केले आहे. म्हणून या वस्तूला दोन मापे लावून पाहावीत असे वाटले: विद्यार्थ्याच्या टेबलावर ती कशी वागते, आणि जे काम एके काळी लाखो रुपयांची उपकरणे करीत, त्यातले तिला नेमके काय जमते.

प्रथम वस्तूविषयी. बोर्डावरची मुख्य चिप एमपीयू-६०५०. ती इन्व्हेनसेन्स या अमेरिकी कंपनीची रचना असून ही कंपनी २०१७ मध्ये जपानच्या टीडीकेने विकत घेतली. चिपचा आकार ४ मिलिमीटर बाय ४ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटरहून कमी. आत सिलिकॉनमध्येच कोरलेली अतिसूक्ष्म वस्तुमाने सतत कंप पावत असतात. चिप वळली की कोरिऑलिस परिणामामुळे, म्हणजे फिरत्या वस्तूतल्या हालचालीला बसणाऱ्या बाजूच्या रेट्यामुळे, त्यांचे कंपन किंचित बाजूला सरकते, त्या सरकण्याने धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते आणि तो बदल १६ बिटांच्या आकड्यात रूपांतरित होऊन बाहेर येतो. जायरोस्कोपचा पल्ला सेकंदाला २५० अंशांपासून २००० अंशांपर्यंत आणि त्वरणमापकाचा २ जीपासून १६ जीपर्यंत (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढे त्वरण), चार टप्प्यांत निवडता येतो. चिपला साधारण ३.३ व्होल्ट लागतात, पण बोर्डावर रेग्युलेटर असल्याने आर्डुइनो या विद्यार्थ्यांच्या लाडक्या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टवरही काम भागते. चार तारा जोडल्या की आकडे येऊ लागतात. तयार लायब्ररी वापरल्यास अर्ध्या तासात पडद्यावर घन फिरताना दिसतो आणि घरातली मंडळी कौतुकाने पाहून जातात.

रोबो दोन दिवसांत उभा राहिला. त्यासाठी फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा माहीत असावी लागते आणि ती त्वरणमापक सतत सांगत असल्यामुळे जायरोस्कोपची चूक वेळोवेळी दुरुस्त होत राहते. धक्का दिला तरी गाडी डगमगून सावरते. या कामासाठी १६० रुपयांत याहून अधिक मागणे हे हावरटपणाचे होईल.

मग मी जुन्या सवयीने तोच बोर्ड टेबलावर स्थिर ठेवला, सुरुवातीची चूक मोजून वजा केली आणि दहा मिनिटे नुसता पाहत बसलो. बोर्ड जागचा हलला नव्हता, तरी त्याच्या हिशेबाने तो डावीकडे १४ अंश वळला होता. पंखा बंद करून खोलीचे तापमान बदलू दिले तेव्हा आकडा आणखी बिघडला. यात आश्चर्य नाही, कारण खाली कोणती दिशा हे गुरुत्वाकर्षण सांगते, उत्तर कोणती हे सांगत नाही, आणि या बोर्डावर चुंबकीय होकायंत्र नाही.

ही चूक अस्त्राच्या दृष्टीने किती महाग पडते हे कागदावर सहज काढता येते. त्वरणमापकात गुरुत्वाकर्षणाच्या केवळ एक सहस्रांश इतकी कायमची चूक शिल्लक राहिली असे धरा (कारखान्यातून येताना या चिपची चूक अक्षानुसार ५० ते ८० सहस्रांशांपर्यंत असू शकते). वेगळी दुरुस्ती न करता स्थान काढत गेल्यास १० सेकंदांनी ते अर्धा मीटर चुकेल, एका मिनिटाने सुमारे १८ मीटर आणि दहा मिनिटांनी पावणेदोन किलोमीटर. चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यात जायरोस्कोपमुळे एक अंशाचा कल चुकीचा धरला गेला, तर एका मिनिटातच ३०० मीटरांचा फरक पडतो. डोळे मिटून लांब जायचे असेल, तर हा बोर्ड निरुपयोगी आहे.

आणि जुन्या पिढीतल्या अस्त्रांना नेमके डोळे मिटूनच लांब जायचे होते. १९४४ मध्ये लंडनवर पडू लागलेल्या जर्मन व्ही-२ पासून शीतयुद्धातल्या आंतरखंडीय क्षेपणास्त्रांपर्यंत बहुतेकांची मदार बाहेरून काहीही न विचारता स्वतःची जागा ओळखणाऱ्या यंत्रणेवर होती. त्या यंत्रणेचा प्रत्येक दशांश अंश पैशाने विकत घ्यावा लागे. अचूकता महाग असते हा नियम त्या काळात इतका अंगवळणी पडला की तो निसर्गनियमच वाटू लागला. तो तसा नव्हता. एका विशिष्ट प्रकारच्या उड्डाणाची ती किंमत होती.

माझ्या मते या चिपविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्वस्त इलेक्ट्रॉनिक्समुळे जुनी अस्त्रे स्वस्त झाली, असे सरसकट म्हटले जाते, आणि ते बरोबर नाही. तोफेतून सुटणाऱ्या एक्सकॅलिबर या मार्गदर्शित गोळ्याला नळीत हजारो जीचा तडाखा सोसावा लागतो. तेथे १६ जीवर आकडा टेकणारी चिप चालणार नाही. या चिपच्या दुबळेपणाला जी अस्त्रे मानवतात, म्हणजे जी हळू उडतात, ज्यांना हिसके कमी बसतात, जी एक तर थोडा वेळच उडतात किंवा वाटेत सतत कोणाला तरी विचारत जातात, त्यांची भरभराट झाली. वस्तूच्या मर्यादांनीच नव्या अस्त्राचा घाट ठरवला.

याचे सर्वांत उघड उदाहरण युक्रेनच्या आघाडीवरचे एफपीव्ही ड्रोन, म्हणजे चालकाला ड्रोनच्या कॅमेऱ्यातून थेट दाखवणारे. ते मुळात शर्यतीचे खेळणे आहे. चार मोटरी, एक कॅमेरा, एक उड्डाण नियंत्रक, आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा. लक्ष्य कुठे आहे हे यंत्राला ठाऊक असण्याची गरज नसते, कारण माणूस पाहत असतो. जायरोस्कोपने फक्त सेकंदाला हजारो वेळा ‘यान किती वेगाने वळते आहे’ याचे उत्तर द्यायचे असते. ते उत्तर पुढच्या क्षणी शिळे होणार असल्याने हळूहळू साचत जाणारी चूक तेथे फारशी बोचत नाही. आमच्या एमपीयू-६०५० चे जुळे भावंड, म्हणजे जलद एसपीआय जोडणी असलेली एमपीयू-६०००, शर्यतवाल्यांच्या उड्डाण नियंत्रकांवर अनेक वर्षे मानाने बसलेली होती. आज तिची जागा नव्या चिपांनी घेतली आहे, जात मात्र तीच. असे एक ड्रोन चार-पाचशे डॉलरांत तयार होते, तर रणगाडाविरोधी जॅव्हलिन क्षेपणास्त्राची किंमत लाखाच्या घरातल्या डॉलरांत जाते.

ही तुलना हल्ली फार केली जाते आणि ती मला अर्धवट वाटते. जॅव्हलिन डागल्यावर सैनिक आडोशाला पळू शकतो. एफपीव्हीचा चालक शेवटच्या क्षणापर्यंत यंत्राला बांधलेला असतो, त्याला शिकवायला आठवडे लागतात, आणि त्याची बरीच ड्रोन लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाहीत. संरक्षणविषयक अभ्यास करणाऱ्या लंडनच्या रुसी (आरयूएसआय) या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज दिला होता की युक्रेन महिन्याला सुमारे १०,००० ड्रोन गमावत आहे. एखाद्या देशाने दरमहा १०,००० क्षेपणास्त्रे वाया घालवली असती, तर त्याचा खजिना उन्हाळ्यापूर्वीच आटला असता. येथे मात्र तो खर्च पचतो. स्वस्त भागाची ताकद एका फेकीच्या अचूकतेत नसून न लागलेल्या फेकी सोसण्याच्या ऐपतीत आहे, आणि म्हणूनच युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी २०२३ च्या डिसेंबरात पुढच्या वर्षासाठी १० लाख ड्रोनचे लक्ष्य जाहीर केले.

लांब पल्ल्याच्या बाजूला इराणी रचनेचे शाहेद-१३६ हे लक्ष्यावर जाऊन आदळणारे ड्रोन आहे, रशियात त्याचे नाव गेरान-२. ताशी दोनशे किलोमीटरहूनही कमी वेगाने ते तासन्‌तास उडते. वर काढलेल्या हिशेबाप्रमाणे केवळ स्वस्त जायरोस्कोपवर ते शहरसुद्धा चुकवेल. म्हणून ते वाटेत उपग्रहांना विचारते. नेमकी हीच त्याची दुखरी नस आहे. युक्रेनने खोटे उपग्रह संकेत पसरवून अशा बऱ्याच ड्रोनची वाट चुकवली, काही तर २०२४ मध्ये बेलारूसमध्ये जाऊन भटकली. एक्सकॅलिबर गोळ्यांनाही रशियन जॅमिंगचा, म्हणजे उपग्रह संकेत दाबून टाकण्याचा, असाच फटका बसला, तेव्हा महागाचा माल त्यातून सुटतो असेही नाही. तरीही एका शाहेदवर दोन-चार दशलक्ष डॉलरांचे पॅट्रियट हे हवाई संरक्षणाचे क्षेपणास्त्र डागायचे की नाही हा प्रश्न दर रात्री ज्या अधिकाऱ्याला सोडवावा लागतो, त्याच्यासाठी हिशेब शत्रूनेच मांडून ठेवलेला असतो.

उपग्रह संकेतांवरून आठवले. त्याच फेरीत मी निओ-६एम हा जीपीएस बोर्डही घेतला. मोकळ्या आकाशाखाली त्याची अचूकता अडीच मीटर आहे आणि गच्चीवर ती बऱ्यापैकी पटली. त्याच्या माहितीपत्रकात ५०० मीटर प्रतिसेकंद ही वेगाची कमाल मर्यादा छापलेली आहे. नागरी रिसीव्हर क्षेपणास्त्रात वापरता येऊ नये यासाठी निर्यात नियमांनी वेगावर जी कुंपणे घातली, त्यांच्या आतलाच हा आकडा. ती कुंपणे घालणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रॉकेट होते. मोपेडच्या इंजिनासारखा फटफटणारा, अंगठ्याएवढ्या चिपांवर चालणारा गोगलगायी धोका त्यांना दिसला नाही. ज्या जायरो बोर्डाचे हे परीक्षण आहे, त्याला तर असे कुंपण मुळीच नाही.

घरगुती वस्तूंनी युद्धात शिरण्याची गोष्ट तशी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानविरोधी तोफगोळ्यासाठी रेडिओवर चालणारा, लक्ष्याजवळ पोहोचताच गोळा फोडणारा प्रॉक्सिमिटी फ्यूज बनवला. त्यासाठी लागणाऱ्या चिमुकल्या व्हॅक्यूम ट्यूबांचे मूळ कर्णबधिरांच्या श्रवणयंत्रात होते, आणि ते फ्यूज घरगुती रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यांतूनच लाखोंनी बाहेर पडले. पुढे प्रवाह उलटा फिरला. साठच्या दशकात मिनिटमन-२ क्षेपणास्त्राने एकात्मिक परिपथांना (म्हणजे आजच्या चिपांच्या पूर्वजांना) पहिली मोठी गिऱ्हाइकी दिली आणि दोन-तीन दशके लष्कर पुढे, बाजार मागे असा क्रम राहिला. मोटारींच्या एअरबॅगला त्वरणमापक हवा झाला, २०१० च्या आयफोन ४ मध्ये पहिल्यांदा फोनच्या पोटात जायरोस्कोप आला, आणि क्रम पुन्हा बदलला. फोन कोट्यवधींनी खपू लागल्यावर चिपची किंमत ज्या पायरीवर आली, तेथे लष्कर हे गिऱ्हाईक म्हणून नगण्य होते. ड्रोन छंदिष्टांचे पुढारी ख्रिस अँडरसन यांनी या उतरंडीला स्मार्टफोन युद्धांतून, म्हणजे फोन कंपन्यांच्या चढाओढीतून, मिळालेला शांततेचा लाभांश म्हटले होते. त्यांचे सहकारी जॉर्डी मुन्योझ यांनी निन्टेन्डो वी या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरमधले सेन्सर काढून सुरुवातीचा ऑटोपायलट जुळवला होता, आणि त्या खटपटीतून वाढलेले आर्डुपायलट हे मुक्त सॉफ्टवेअर १ जून २०२५ रोजी युक्रेनच्या ‘स्पायडर्स वेब’ कारवाईत, रशियाच्या आतल्या हवाई तळांवर बॉम्बफेकी विमाने पेटवणाऱ्या ड्रोनमध्ये चालत होते. लाभांश शांततेचा की कशाचा, हे कोणत्या रांगेत उभे आहोत त्यावर ठरते.

रशियाच्या बाजूचा मालही तपासला गेला आहे. २०२२ मध्ये युक्रेनने उघडून दाखवलेल्या ओर्लान-१० या टेहळणी विमानात कॅननचा साधा डीएसएलआर कॅमेरा निघाला. रुसीने त्याच वर्षी २७ रशियन शस्त्रप्रणालींमध्ये ४५० परदेशी भाग मोजले. अमेरिकेच्या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांनी, रशियन लष्करी सामानात भांडी धुण्याच्या यंत्रांतल्या आणि फ्रिजमधल्या चिपा सापडत असल्याचे युक्रेनियन सांगतात, असे सिनेटसमोर सांगितले. निर्बंध घालणाऱ्यांची पंचाईत येथे दिसते. क्षेपणास्त्राचा जायरोस्कोप विकत घेणारे जगात मोजके असतात, त्यांची यादी करता येते. फ्रिज विकत घेणाऱ्यांची यादी कोण करणार?

भारतापुरते बोलायचे तर सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, सुट्या भागांना मात्र मुभा ठेवली. लॅमिंग्टन रोडवर मोटरी, पंखे आणि आमचा बोर्ड उघडपणे मिळतात ते त्यामुळे. धोरण म्हणून ते शहाणपणाचे आहे, कारण भाग मिळाले तरच येथे कोणी काही बनवायला शिकेल. नागपूरच्या सोलर समूहाच्या कारखान्यातून २०२४ मध्ये लष्कराला मिळू लागलेले, माणसाने पाठीवर वाहून न्यायचे नागास्त्र-१ हे आत्मघाती ड्रोन किंवा नवी मुंबईच्या आयडियाफोर्जची टेहळणी ड्रोन ही त्याच वातावरणातली उदाहरणे. पण याच मोकळीकीची दुसरी बाजू २०२५ च्या सुरुवातीला पुढे आली. चिनी भागांच्या शंकेवरून लष्करासाठीच्या ४०० ड्रोनची कंत्राटे रद्द झाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ८ मेच्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवल्याचे भारत सरकारने सांगितले. भाग कुठून आला हा प्रश्न त्यानंतर निविदेच्या कागदावरचा उरला नाही.

पुन्हा टेबलाकडे. विद्यार्थ्यांना हा बोर्ड मी निःसंकोच सुचवेन. रोबो, कॅमेऱ्याचा तोल, यंत्राच्या कंपनाची ढोबळ तपासणी, यांसाठी तो पुरेसा आहे. दिशा हवी असेल तर सोबत होकायंत्राची चिप घ्या, आणि स्थान हवे असेल तर या बोर्डाकडून ते मागू नका. पिना जोडताना सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नका, बोर्ड खोक्यात घट्ट बसवा, आणि मोटरीच्या कंपनापासून स्पंजच्या तुकड्याने वेगळा ठेवा. मोठ्या आवाजाच्या स्पीकरजवळही ठेवू नका. दक्षिण कोरियातल्या काइस्ट या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये योग्य वारंवारतेचा आवाज सोडून जायरोस्कोप भांबावून टाकता येतो आणि ड्रोन पडते, हे दाखवले आहे. नव्या रचनेसाठी ही चिप वापरू नका असे कंपनीचेच सांगणे आहे, त्यामुळे विकण्याच्या वस्तूत ती घालू नये.

एक तक्रार राहिली. या चिपमध्ये ‘हू ॲम आय’ नावाची एक नोंद असते. तिला विचारले की चिप स्वतःची ओळख म्हणून षोडशमान पद्धतीत ६८ हा आकडा सांगते. पहिल्या दुकानातल्या बोर्डाने ६८ सांगितले. दुसऱ्याने ९८ सांगितले, म्हणजे अंगावर एमपीयू-६०५० असे छापलेले असूनही ती भलत्याच कोणाची नक्कल होती. मी बोर्ड घेऊन परत गेलो आणि गल्ल्यावरच्या मुलाला पडद्यावरचा आकडा दाखवला. त्याने बोर्ड उलटसुलट केला, मग विचारले, “काका, चालतंय ना पण?” चालत होते. रोबो त्याच बोर्डावर उभा राहिला होता. माल कुठून येतो असे विचारल्यावर त्याने पोटमाळ्यावरच्या खोक्याकडे बोट दाखवले. खोक्यावर कुरिअरची पट्टी होती, पाठवणाऱ्याचा रकाना कोरा होता. मी बोर्ड परत केला नाही.